एका अक्षराची हाक

हे घडलेलं आहे. माझ्यासमोर घडलेलं आहे.

आणि ते खरं आहे हे तुम्हाला पटवायला मी बसलेलो नाही. पटत नसेल त्यानं इथूनच माघारी फिरावं. दोन राज्यांच्या पोलिसांना पटवता पटवता माझी पटवायची हौस कधीच फिटली.

तारीख एक नोव्हेंबर १९९८. वार रविवार. दिवस नुकताच मावळलेला. जागा म्हणजे चंदगड तालुक्यातल्या शिनोळीकडून बेळगावला जाणारा एक आतला रस्ता. नेमका कुठला, ते सांगणार नाही. सांगितलं की तुमच्यातलेच चार रिकामटेकडे बॅटऱ्या घेऊन तिथं जाणार.

जाऊ नका.

मी सूरज. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे. शाळा आठवीत सुटली, पुढचं सगळं रद्दीतली पुस्तकं वाचून शिकलो. आमचं घर बौद्ध. देव, भूत, अंगारा, अंगात येणं, आमच्या उंबऱ्याच्या आत काही चालत नाही. लोक मला विचारतात, तू बुद्धाचा माणूस आणि भूत मानतोस?

मी काही मानत नाही. मी ऐकलंय. मानणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

ज्याच्याबद्दल सांगतोय तो माझा मामा. आकाराम. आईचा धाकटा भाऊ. वारणानगरला साखर कारखान्यात फिटर होता. मामी बाळंतपणात गेली. मागं राहिली पोरगी, प्रियदर्शनी. मामानं तिला एकट्यानं वाढवलं. वेणी घालायचा, डबा करायचा, कारखान्याची पाळी संपली की शाळेच्या फाटकात जाऊन उभा राहायचा. कॉलनीतली बाकीची पोरं बापाला पप्पा म्हणायची. ही मात्र 'बा' म्हणायची. मामा आजोबांना बा म्हणायचा ते तिनं उचललं होतं.

नऊ वर्षांची असताना ती तापानं गेली. मामाच्या मांडीवर. शेवटी शेवटी तिला दुसरा शब्दच येत नव्हता.

"बा... बा..."

मामा म्हणत होता, "हाय की बाळ, हितंच हाय मी."

त्यानंतर मामाला झोप येईना. मग तो दर रविवारी डोंगर चढायला लागला. पन्हाळा झाला, विशाळगड झाला, गगनबावड्याच्या बाजूचे कडे झाले. अंग मोडेपर्यंत चालायचं, म्हणजे रात्री डोळा लागतो, एवढाच हिशोब. आई मला त्याच्याबरोबर पाठवायची. निघताना दारात एकच वाक्य.

"आकारामला घरापातूर आणून सोड. त्येचं ध्यान थाऱ्यावर नसतंय."

त्या रविवारी महिपाळगड ठरला. त्या वर्षी परतीचा पाऊस परत जायचं नावच घेत नव्हता. गडावर धुकं इतकं की पुढं चालणाऱ्या मामाची पिशवी तेवढी दिसायची. पण मामा खुशीत होता. तटावर बसून आम्ही भाकरी, मिरचीचा खर्डा खाल्ला. "सुऱ्या, तुझ्या आईच्या खर्ड्यात आता दम न्हाय ऱ्हायला," म्हणाला आणि नाक पुसत पुसत सगळा संपवत आणला.

तेवढ्यात खालून धुक्यातनं आवाज आला.

"बा..."

मामाचा हात तोंडापाशीच थांबला.

मी म्हणालो, "शेरडू आसंल मामा."

"व्हय. शेरडूच आसंल."

उतरताना गडावरच्या वस्तीत एक म्हातारा घोंगडं पांघरून बसला होता. मी सहज विचारलं, "शेरडं कुनाची चरायल्यात वो खाली?"

तो म्हणाला, "शेरडं? ह्या पावसात? आज कुनी सोडल्यालीच न्हाईत पावणं."

मी मामाकडं बघितलं. तो पुढं निघाला होता. जरा जास्तच भराभरा.

खाली फाट्यावर आलो तेव्हा चंदगडकडं जाणारी शेवटची यष्टी निघून गेली होती. आता कोल्हापूर गाठायचं तर बेळगावात जायचं, आणि तिथून हायवेची गाडी धरायची. म्हणजे महाराष्ट्रातनं महाराष्ट्रात जायला मधे कर्नाटक. ही रेघ ज्यांनी मारली त्यांना कधी फाट्यावर गाडीची वाट बघत बसावं लागलं नसणार.

टपरीवाला चहा गाळता गाळता म्हणाला, "कुठं जायाचं पावणं?"

"बेळगाव. तिथनं कोल्लापूर."

"आज?" तो थांबला. "तारीख बघितली न्हाय व्हय घरातनं निगताना?"

एक नोव्हेंबर. सीमाभागातला काळा दिवस. पलीकडं त्यांची राज्योत्सवाची मिरवणूक, इकडं आमच्या लोकांचा निषेध, आणि हद्द ओलांडणाऱ्या दोन्हीकडच्या यष्ट्या दगडाच्या भीतीनं डेपोत. कोल्हापुरात आम्ही सीमाप्रश्नावर घसा फाटेपर्यंत घोषणा देतो. त्याची तारीख मात्र विसरतो.

बसून राहिलो. अंधार पडायला लागला. धुकं रस्त्यावर उतरलं.

मग एक गाडी आली.

भंगारात काढलेली जुनी बस, कुणीतरी घेऊन वडाप, म्हणजे खासगी प्रवासी गाडी, म्हणून फिरवत होतं. वरून कसलातरी रंग फासलेला. बोर्ड नाही. आतले दिवे बंद. ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढलं.

"बेळगावच्या येशीपातूर सोडतो. आतल्या रस्त्यानं जाणार, दिवं लावणार न्हाय. पटत आसंल तर बसा."

मामानं विचारलं, "गाडी म्हाराष्ट्राची का कर्नाटकाची?"

"माझ्या सासऱ्याची. बसा की पटदिशी!"

आतली माणसं हसली. आम्ही पण हसलो. मामाला हसताना मी बघितलं ते तेवढंच. त्याचं नंतरचं हसू मी हसण्यात धरत नाही.

ड्रायव्हरचं नाव ज्ञानू. आत पाच-सहा जण होते. आमच्या पुढच्या बाकड्यावर एक म्हातारी, पायाशी रताळ्यांची पाटी. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. ती पुढच्या माणसाला 'तम्मा' म्हणत होती. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, एवढं कानडी मला ऐकून ऐकून येत होतं. मामाला तेवढंही येत नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

गाडीचं दार धड लागत नव्हतं, दोरीनं बांधलेलं होतं. मामा दाराशेजारी बसला. मी त्याला चिकटून.

दोन्ही बाजूंना ऊस. डोक्याच्या वर गेलेला. गाडी चालली होती ती बैलगाडीच्या चालीनं.

मग लांब पुढं तांबडा उजेड दिसला. टायर पेटवलेले होते. ओरडण्याचा आवाज येत होता, कुठल्या भाषेतला ते कळत नव्हतं. ज्ञानूनं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"गप बसा समदी. बिडी पेटवायची न्हाय. त्ये गेलं की निगू."

बिड्या खिशात गेल्या.

थोड्या वेळानं लांबचा आरडाओरडा थांबला.

मग रातकिडे थांबले.

उसाचा पाला वाळलेला असतो. वारा नसला तरी त्यात काहीतरी सळसळत असतंच. तुम्ही कधी उसाच्या कडेला उभे राहिला असाल तर तुम्हाला माहीत असेल. ती सळसळ पण थांबली.

इतकं शांत झालं की मला मामाच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

आणि मग...

"बा..."

डाव्या बाजूच्या उसातनं. लहान पोराचा आवाज. आजारी पोराचा असतो तसा, दम संपलेला.

मला वाटलं, मलाच भास झाला. पण पुढं बसलेली माणसं वळून बघायला लागली. सगळ्यांनी ऐकलं होतं. भास एकाला होतो. सात-आठ जणांना नाही.

"बा... बा..."

मामा उठून उभा राहिला.

म्हातारीनं कानावरचा पदर मागं सारला. "कुनाला बोलवायलंय ते?"

मामा एकदम हळू म्हणाला, "बोलवत न्हाय आजी. बापाला हाक मारत्या. माझी पोरगी हाय ती."

 म्हातारीनं त्याचा हात धरला.

"न्हाय रं तम्मा. आमच्यात 'बा' म्हंजे 'ये'. ये, ये म्हणायलंय ते. तू जाऊ नको. नाव घेऊन बोलवत न्हाय ते. जो येईल त्येला बोलवतंय."

 तोपर्यंत मला फक्त प्रियदर्शनी ऐकू येत होती. आता प्रत्येक हाकेला दोन आवाज येत होते. बा म्हणजे बाप. बा म्हणजे ये. कुठला खरा ते ठरवायला माझ्याकडं काहीच नव्हतं. एका अक्षरात तुम्ही काय ओळखणार?

मामा हसला. खरंच हसला.

वाकून म्हातारीच्या कानाशी काहीतरी बोलला. मी शेजारीच होतो, मला ऐकू आलं. पण ते मी शेवटी सांगतो.

मग तो दाराची दोरी सोडायला लागला.

मी त्याचा शर्ट धरला. "मामा, बस खाली. आईची शपथ हाय तुला."

"सोड सुऱ्या."

"मामा, ती न्हाय ती. दर्शनीला जाऊन दोन वर्सं झाली. आपुन दोघांनी पोचवली तिला."

"म्हायत हाय की मला."

तो रागावला असता तर मी त्याला आडवा पाडला असता. माझ्या अंगात ताकद होती. पण त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली. लहान पोराच्या मुठीतला चमचा काढतात तशी. आणि माझ्या हातांनी ती सोडू दिली. का, ते मला विचारू नका. हात माझे होते, पण ते माझं ऐकत नव्हते.

तो उतरला.

"आलो बाळ... आलो, आलो..."

आवाज उसात शिरला. पण पाला वाजला नाही. पूर्ण वाढलेल्या उसात माणूस शिरला, आणि एक पात वाजली नाही.

मी खाली उडी मारली. ज्ञानू बॅटरी घेऊन माझ्यामागं आला. शिव्या देत होता, पण आला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

"मामा!"

"आलो, आलो..." डावीकडून.

"मामा, कुठं हाईस?"

"आलो, आलो..." आता उजवीकडून. गाडीच्या पलीकडच्या उसातनं. मधे रस्ता होता, रस्त्यावर आम्ही उभे होतो. आमच्यासमोरनं कुणीही गेलं नव्हतं.

मग दोन्हीकडून काहीच नाही.

आणि एकदम रातकिडे सुरू झाले. कुणीतरी बटण दाबल्यासारखे.

बॅटरीच्या उजेडात चिखलात मामाच्या कॅनव्हासच्या बुटांचे ठसे दिसले. दारापासून सरळ गेलेले. उसाच्या तोंडाशी हद्दीचा दगड होता, एका अंगाला मराठी अक्षरं, दुसऱ्या अंगाला कानडी. ठसे दगडापर्यंत गेले होते.

दगडाच्या पलीकडं चिखल कोरा होता.

ज्ञानूनं बॅटरी बंद केली. "पावणं, आता गाडीत बसा," म्हणाला. 

गाडीत सगळे खाली माना घालून बसले होते. म्हातारी रडत होती. ज्ञानूनं आम्हाला बेळगावच्या वेशीवर उतरवलं.

पुढचं सांगतो, ते भुतापेक्षा वाईट आहे.

दुसऱ्या दिवशी अलीकडच्या ठाण्यात गेलो. साहेबांनी जागा येऊन बघितली. म्हणाले, "पावलं दगडापर्यंत आहेत. म्हणजे माणूस पलीकडं गेला. तक्रार तिकडं द्या." पलीकडच्या ठाण्यात गेलो. मी मराठीत बोललो, त्यांनी कानडीत उत्तर दिलं. मधल्या शिपायानं समजावलं, "साहेब म्हणतात, आमच्या बाजूला पाऊल आलेलंच नाही. मग आमच्यात तो आला कुठं?"

अलीकडचे म्हणाले गेला. पलीकडचे म्हणाले आला नाही. दोघांचंही बरोबर. दोघांनीही लिहून घेतलं नाही.

तो ऊस तुटला तेव्हा मी बांधावर बसून होतो. टोळीवाल्यांनी सरी न् सरी मोकळी केली. काही सापडलं नाही. माझा मामा कागदोपत्री ना हरवलेला, ना मेलेला, ना महाराष्ट्रात, ना कर्नाटकात. कारखान्यानं गैरहजर म्हणून नाव काढून टाकलं, तेवढीच त्याची सरकारी नोंद.

आई मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पण तिनं धोशा लावला. मला ती जागा दाखव. मी वर्षानुवर्षं टाळलं. शेवटी २००५ साली नेलं. मुद्दाम एक नोव्हेंबर टाळून, पुढच्या महिन्यात. ऊन असताना. वाटलं, जागा बघेल, दोन आसवं गाळेल, परत येऊ.

ऊस पुन्हा उभा होता. दगड तसाच. आई दगडापाशी बसली. मी घड्याळ बघत होतो. सूर्य कलला, आणि मी म्हणालो, "चल आई, गाडी चुकंल."

नुकतेच सुरू झालेले रातकिडे थांबले...

पाला थांबला...

"बा..."

पोराचा आवाज नव्हता. बाप्याचा होता. जाडा, जरा घोगरा. कारखान्याच्या धुरळ्यानं बसलेला.

आई उभी राहिली. "आकाराम! सुऱ्या, आकाराम हाय ह्यो! आपल्या बाला हाक मारतोय. ल्हानपणी आसंच मारायचा."

मी तिला उचलली. शब्दशः उचलली आणि रस्त्यापर्यंत पळत आणली. मागून हाक येतच होती. घाई नसलेली. चिडलेली नाही. पाहुण्याला या म्हणावं तशी.

मामाला कानडी येत नव्हतं, आणि ही हाक तर 'ये' म्हणणारी होती. मी सांगितलं होतं, लक्षात ठेवा म्हणून.

परतीच्या गाडीत आई खुश होती. आकाराम वारलेल्या बापाजवळ आहे म्हणून. मला ते सहन होईना. मी तिला खरं सांगितलं. म्हणालो, आई, कानडीत बा म्हणजे ये. तो आजोबाला हाक मारत नव्हता. तो कुणालातरी बोलवत होता. तुला नाहीतर मला.

आईनं खिडकीबाहेर बघितलं. जराशी हसली.

"येकच झालं की मग," म्हणाली. "माणूस हाक मारतोय ती ये म्हणूनच की."

 गाडी थांबवून मी खाली उतरलो.

कारण त्या रात्री मामा म्हातारीच्या कानात हेच बोलला होता. हेच शब्द. "येकच झालं की मग. माणूस हाक मारतोय ती ये म्हणूनच की." हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पोलिसांना नाही, बायकोला नाही, आईला तर नाहीच. आज पहिल्यांदा लिहितोय.

आता २००९ आहे. यंदा एक नोव्हेंबर परत रविवारी आलाय. आई थकली आहे, भिंतीला धरून चालते. तरी तिच्या चपला मी महिनाभर कपाटात कुलपात ठेवल्या आहेत. बायको मला वेडा म्हणते.

परवा संध्याकाळी दुकान लवकर बंद करून घरी आलो. बायको पोरीला घेऊन क्लासला गेली होती. बाहेर रिक्षांचा, गाड्यांचा नेहमीचा गोंगाट होता. मी हातपाय धुवायला मोरीत गेलो, नळ सोडला.

आणि गोंगाट थांबला.

नळाचं पाणी पडत होतं, पण त्याचा आवाज येत नव्हता.

मला हाक ऐकू आली नाही. खरं तेच सांगतो, मला काहीही ऐकू आलं नाही.

फक्त आतल्या खोलीतनं आईचा आवाज आला. लाडात आलेला. लहान भावाशी बोलावं तसा.

"आले रं... आले, आले..."